इंदूमावशीचं लाल औषध

आमच्या केमोच्या खोलीत पाच खुर्च्या आहेत. मागे रेलता येतं अशा, मोठ्या. कुणाची बाटली तासात संपते, कुणाची चार तास चालते. हाताला सुई लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. मोबाइल तरी किती बघणार? थोड्या वेळाने तो शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला विचारतो, तुमचं कुठलं? इथे ‘कुठलं’ म्हणजे गाव नव्हे, अवयव. त्यानंतर गप्पा थांबत नाहीत.

रत्नागिरीतल्या या खोलीत मी अकरा वर्षं सिस्टर आहे, त्यामुळे किस्से साठलेत. घरी जेवताना सांगायला लागले की नवरा म्हणतो, "आधी जेवण होऊ दे." मैत्रिणी मात्र हौसेने ऐकतात, फक्त मध्येच विचारतात, "ती बरी झाली ना, ते आधी सांग." आधी कसं सांगणार? मला तरी आधी कुठे माहीत होतं?

आज एकाच बाईचे किस्से सांगते. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

*

इंदूमावशी मिरकरवाड्याच्या. साठीला आलेल्या, बंदराजवळच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. सगळे त्यांना तांडेलच म्हणायचे, मावशीसुद्धा. मावशींना अंडाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग आमच्याकडे सहा वेळा केमो. रिपोर्ट चांगला आला तेव्हा मावशींनी खोलीतल्या सगळ्यांना पेढे वाटले होते.

पाच महिन्यांत त्यांचं पोट परत फुगायला लागलं.

त्या दिवशी नवे रिपोर्ट डॉक्टर मॅडमच्या टेबलावर होते आणि मॅडम यायच्या होत्या. मी रिपोर्ट बघितला. बघायला नको होता, पण बघितला. तेवढ्यात मावशी आल्या. मी त्यांना बसवलं, वजन केलं, बीपीचा पट्टा हातात घेतला, आणि हे सगळं करताना पावसाबद्दल काहीतरी बोलत राहिले.

"सिस्टर, तुमी आज माझ्या तोंडाकडं बघत नाय," मावशी म्हणाल्या.

तसं काही नाही म्हटलं.

"माल बरा नसला की मी पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत नाय."

रिपोर्ट सांगायचा अधिकार मला नाही, आणि खोटं बोलायला गेले असते तर त्यांनी तेही ओळखलं असतं. मॅडम येतीलच एवढ्यात, असं पुटपुटले. मावशींनी मान हलवली, दंडावरचा ब्लाउज वर सरकवला, आणि परत खाली केला.

"मंग बीपी आत्ता घेऊ नका," त्या म्हणाल्या. "उगाच जास्त येईल."

*

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. कोल्हापूरकडच्या, वयाने माझ्यापेक्षा लहान. वाईट बातमी उभ्याने सांगत नाहीत, खुर्ची ओढून समोर बसतात. त्या बसल्या की पेशंटही ओळखतात.

त्या दिवशी बसल्या. कागदाच्या पाठीवर एक गोल काढला. ही कॅन्सरची पेशी, म्हणाल्या. आपण औषध दिलं, बऱ्याच पेशी मेल्या. ज्या उरल्या त्यांना औषधाची सवय झाली. ते चुकवायच्या त्यांच्या खूप युक्त्या असतात. त्यातली एक म्हणजे त्यांच्या भिंतीत बारीक पंप असतात. औषध आत आलं की त्या ते पंपाने बाहेर फेकतात. म्हणून जुनं औषध परत देऊन आता उपयोग नाही.

तांडेल तोपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे होते. गेल्या वर्षभरात त्यांनी मॅडमना एकही प्रश्न विचारला नव्हता. ते वळले.

"पंप म्हणजे? बोटीच्या तळात पाणी शिरलं की आमी बाहेर मारतो, तसला?"

मॅडम बहुधा मासेमारीच्या बोटीवर कधी चढल्या नसतील. पण हो म्हणाल्या, तसलाच. तांडेलांनी स्टूल ओढलं आणि कागदाजवळ येऊन बसले.

मग मॅडमनी नव्या औषधाचं सांगितलं. औषध तसं जुनंच, पण चरबीच्या अतिशय बारीक पिशव्यांत भरलेलं. त्याला नॅनो म्हणतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे या पिशव्या तिथे जास्त झिरपतात. औषध पिशवीत बंद असल्यामुळे पंपाला ते सुटं सापडत नाही. पिशवी आत जाते, मग फुटते. किती बारीक, ते कळावं म्हणून त्या म्हणाल्या, एका केसाच्या जाडीत अशा शेकडो पिशव्या बसतील.

मावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला. "माझे आत्ता कुठं उगवायला लागलेत. त्यांच्यात काय भरू नका."

मी हसले, मॅडमही हसल्या. तांडेल हसले नाहीत. ते कागदावरच्या गोलाकडे बघत होते.

"आणि त्या पेशी ह्या पिशव्या पण फेकायला शिकल्या, तर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "शिकू शकतात, काका. पण तेवढा वेळ आपल्याला मिळतो."

*

हे औषध आमच्या गावात मिळत नाही. कोल्हापूरहून थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवून येतं. त्याला फ्रिजचा गारवा लागतो. गरम झालं तर वाया, आणि गोठलं तरी वाया. ते गोठलं की पिशव्या फुटतात. खोक्यात तापमान टिपणारं छोटं यंत्र असतं, त्याचा आलेख बघितल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही.

पहिल्या डोसचं खोकं निघालं, त्याच सकाळी घाटात दरड आली. गाडी लांबच्या रस्त्याने वळवली. दुपारी ड्रायव्हरचा मला फोन आला: गाडी इथून जवळच, पालीला येऊन बंद पडली आहे, आणि खोक्यातली पाकिटं मऊ लागतायत. डोस दुसऱ्या दिवशी होता. दुसरी बाटली मागवायची तर आठवडा गेला असता, आणि मावशींच्या पोटात पाणी इतकं झालं होतं की त्यांना आडवं झोपता येत नव्हतं.

मी तांडेलांना फोन केला. पावसाळ्यात मासेमारी बंद, ते घरीच होते. खोक्यातला बर्फ वितळतोय, पालीला जाऊन खोकं आणाल का, एवढंच विचारलं. ते पुतण्याच्या रिक्षातून निघालेसुद्धा. आणि मग मला आठवलं, हा माणूस आयुष्यभर मासळीवर बर्फ ओतत आलाय. हा बाटलीवर बर्फ ओतणार!

मी फोनवर फोन लावले. पालीच्या आसपास रेंज जाते. लागला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, की बाटलीला बर्फ लावू नका, गोठलं तर फेकून द्यावं लागेल.

तांडेल शांतपणे म्हणाले, "सिस्टर, चाळीस वर्षं तेच करतोय. कुठला माल गोठवायचा आणि कुठला नुसता गार ठेवायचा, एवढं कळतं मला."

खोकं संध्याकाळी पाचला माझ्या टेबलावर आलं. त्यांनी घरून निघतानाच बंदरावरचा बर्फ डब्यात घेतला होता. बर्फ अर्धा वितळू दिलेला, पाण्यासकट जाड पिशवीत बांधलेला. पिशवी आणि बाटली यांच्यामध्ये दुहेरी टॉवेल. मी यंत्र काढलं. रेघ एका ठिकाणी वर चढायला लागली होती, पण हद्दीच्या आत होती, आणि तिथून खाली येऊन सरळ गेली होती. कंपनीला आलेख पाठवून विचारलं, त्यांनीही वापरा म्हणून सांगितलं.

मी तांडेलांना म्हटलं, फार जपून आणलंत.

"पापलेटला पण एवढं जपलं नाय कधी," ते म्हणाले, आणि टॉवेल पिळून घेऊन गेले.

*

हे औषध लाल असतं. रसनाच्या सरबतासारखं लाल. बघून पहिल्यांदा सगळेच घाबरतात. पहिल्या डोसला काहींना रिअॅक्शन येते म्हणून ते अगदी हळू सोडतात, आणि मी खुर्चीशेजारून हलत नाही.

आठव्या-नवव्या मिनिटाला मावशी म्हणाल्या, कंबरेत कळ आली. मग म्हणाल्या, छातीवर कुणी बसलंय. बघता बघता चेहरा लालबुंद झाला. मी औषध बंद केलं, ऑक्सिजन लावला, मॅडमना हाक मारली. मॅडमनी इंजेक्शनं सांगितली, मी दिली. हे सगळं आम्ही शंभर वेळा केलेलं आहे. तरी समोरचा माणूस श्वासासाठी तोंड उघडतो, त्याची सवय होत नाही. तांडेल दाराशी उभे होते. त्यांना कुणी बाहेर जायला सांगितलं नाही आणि ते आतही आले नाहीत.

वीस मिनिटांनी मावशींचा रंग परत आला. मॅडम म्हणाल्या, थोडं थांबून आणखी हळू सुरू करू. सहसा दुसऱ्यांदा त्रास होत नाही. मी मान हलवली आणि तिथेच उभी राहिले. सलाईनच्या चाकावर बोट ठेवलं होतं, पण ते फिरवायचं धाडस होईना.

मावशींनी मास्क बाजूला केला.

"सिस्टर, तुमी जरा बसा. माझ्यापेक्षा तुमचंच तोंड लाल झालंय."

मी बसले. दोन घोट पाणी प्यायले. मग उठून चाक फिरवलं. त्या दिवशी ती बाटली संपायला दुपार उलटून गेली, पण संपली.

*

पुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे. सांगायला नको वाटतो, तरी सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुकतीच ड्युटीवर येत होते. दारात रिक्षा उभी. आत मावशी, तांडेल, आणि मावशींची जाऊ शोभा. तिघांचे चेहरे पांढरे. तांडेलांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की लघवीतून रक्त जातंय. पहाटेपासून दोनदा. आता काय उरलं नाय, असं मावशी म्हणतायत. सुनेला बोलावून कपाटातलं कुठलं लुगडं कुणाला द्यायचं तेही सांगून झालंय.

ते रक्त नव्हतं. औषधाचा लाल रंग दोनेक दिवस लघवीतून उतरतो. प्रत्येक पेशंटला हे आधी सांगायचं असतं. तो माझ्या यादीतला मुद्दा आहे. पण आदल्या दिवशी रिअॅक्शनच्या गडबडीत मी ते विसरले.

मॅडमनी खात्रीसाठी तपासणी करून घेतली, रक्त नव्हतंच. मी तिघांसमोर उभी राहून सांगितलं, की चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं. मला वाटलं तांडेल रागावतील. ते बाकावर बसले आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. बराच वेळ.

मावशी मात्र शोभाकडे वळल्या. "ते हिरवं लुगडं तुला द्यायला सांगितलं ना? ते आता विसर."

*

मावशींच्या शेजारच्या खुर्चीत मालगुंडचे गुरुजी असायचे. निवृत्त शिक्षक. त्यांचा आजार स्वादुपिंडाचा. त्यांनाही नॅनो प्रकारातलंच औषध चालू होतं, फक्त वेगळं, प्रथिनाच्या कणांत बांधलेलं. गुरुजी वहीत सगळं लिहून ठेवायचे आणि मावशींना समजावून सांगायचे. आपण दोघं नॅनोचे विद्यार्थी, म्हणायचे. मावशी म्हणायच्या, मी नापास झालेली, म्हणून हितं बसवलंय.

दुसऱ्या डोसला मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, बाहेरचं काही घेता का? मावशी नाही म्हणाल्या. मॅडम गेल्यावर गुरुजींनी मावशींच्या पिशवीकडे बोट केलं आणि हळूच म्हणाले, ती बाटली दाखवा सिस्टरना. पिशवीत ‘नॅनो अर्क’ असं लिहिलेली बाटली निघाली. कुणा नातेवाइकाने मुंबईहून पाठवलेली. काय घातलंय ते लिहिलेलंच नव्हतं. मावशी रोज चार चमचे घेत होत्या.

मावशी गुरुजींवर चिडल्या. चुगली केलीत, म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, "मीसुद्धा महिनाभर घेतलं होतं. माझं लिव्हर बिघडलं आणि दोन डोस पुढे गेले. तुमचे जायला नकोत."

ती बाटली मावशींनी स्वतः बेसिनमध्ये ओतली.

तिसऱ्या डोसला मावशी आल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीत दुसरंच कुणी होतं. त्यांनी विचारलं, गुरुजी? मी म्हटलं, मुलाकडे गेलेत पुण्याला. ते खरं नव्हतं. गुरुजींना त्या औषधाचा उपयोग झाला नाही. दहा दिवसांपूर्वी ते गेले होते. मॅडम आधीच म्हणाल्या होत्या, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. पण हे सुई टोचायच्या आधी मावशींना कसं सांगायचं?

सुई लागली, औषध सुरू झालं. अर्ध्या तासाने त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्यांची वही कुणाकडं हाय? नातवंडांकडं द्यायला सांगा. रद्दीत जायला नको."

*

हे औषध केस फारसे घालवत नाही, पण हातापायांवर निघतं. तळहात, तळपाय लाल होतात, आग होते, कातडी सुटते. म्हणून आम्ही सांगतो, गरम पाणी नको, घट्ट चप्पल नको, हातांना घासणं नको. डोस चालू असताना हातात बर्फाच्या पिशव्या देतो. त्या पिशव्यांना मावशींनी पहिल्या दिवशीच नावं ठेवली होती. असला ढेकळांचा बर्फ काय कामाचा, चुरा पाहिजे, म्हणून.

चौथ्या डोसच्या दिवशी मावशींनी हात पदराखाली ठेवले होते. दाखवा म्हटलं तर म्हणाल्या, बरे आहेत. मी पदर बाजूला केला. तळहातांची कातडी कागदासारखी सुटलेली, बोटांना भेगा, उजव्या अंगठ्याजवळ पाणी आलेलं. एवढं कशाने झालं ते विचारलं, तर त्यांनी पदर परत ओढला. शेवटी तांडेल म्हणाले, की घरात कुणी नसताना हिने दोन दिवस कोळंबी सोलली.

मॅडम आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, हात भरून येईपर्यंत डोस देता येणार नाही. दोन आठवडे थांबू, आणि पुढचा डोस थोडा कमी करू.

वर्षभरात मी मावशींना रडताना पाहिलं नव्हतं. रिपोर्टच्या दिवशी नाही, रिअॅक्शनच्या दिवशी नाही. त्या दिवशी रडल्या.

"हात गेले तर जाऊ देत," त्या मॅडमना म्हणाल्या. "पण थांबू नका. दोन आठवड्यांत त्या शिकतील सगळं. पंप लावून बसतील."

मॅडमनी त्यांचे हात अलगद हातात घेतले. दोन आठवड्यांनी फारसा फरक पडत नाही, पण या हातांना जंतुसंसर्ग झाला तर सगळंच थांबेल, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. मावशींना ते पटलं की नाही ठाऊक नाही. ते दोन आठवडे मला मात्र बरे गेले नाहीत. मॅडम बरोबर होत्या, हे मला माहीत होतं. तरी रोज सकाळी मोकळी खुर्ची बघितली की वाटायचं, आत काय चाललं असेल?

नारळी पौर्णिमेनंतर बाकीच्या बोटी कधीच समुद्रात गेल्या होत्या. तांडेल गेले नव्हते. कोळंबीच्या प्रकारानंतर घरातला विळा, भांडी, चूल, सगळं त्यांनी ताब्यात घेतलं. मावशींना खुर्चीत बसून नुसतं बघायची परवानगी होती. पंधरा दिवसांनी हात दाखवायला आल्या तेव्हा कातडी सुधारली होती. मी विचारलं, तांडेल काय काय करतात?

"बांगडा असा कापतो की मांजर पण तोंड फिरवतं," मावशी म्हणाल्या.

*

चौथा डोस झाला आणि स्कॅनची वेळ आली. औषध लागू पडतंय की नाही, ते यात कळणार होतं. स्कॅन सेंटर आमच्या इमारतीतच खाली आहे. मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले.

काउंटरवर सरकारी योजनेसाठी ओळख पटवायला अंगठा लावायचा होता. मावशींनी लावला. मशीनने नाही म्हटलं. पुसून लावला. नाही. डावा लावला, मग एकेक करत दहाही बोटं लावली. बोटांच्या रेषाच राहिल्या नव्हत्या. कातडी नवी आली होती, गुळगुळीत.

काउंटरवरची मुलगी बिचारी चांगली होती. ती म्हणाली, दुसरं मशीन आहे, डोळ्याने होईल. पण लवकर करू, साडेबाराची वेळ गेली तर आजचा नंबर जाईल, पुढचा शुक्रवारी. शुक्रवार म्हणजे आणखी सहा दिवस काही न कळता. मावशींनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मशीन डोळ्यांसमोर धरलं की पाणी. पुसलं की परत पाणी. मुलगी म्हणत होती, मावशी, डोळे उघडे ठेवा, हलू नका. मी म्हणत होते, श्वास घ्या. घड्याळात बारा पंचवीस.

"आता मी कोण ते पण कळंना ह्याला," मावशी म्हणाल्या, आणि आणखीच रडायला लागल्या.

तांडेल पुढे आले. मशीनच्या शेजारी उभे राहिले.

"इंदू," ते म्हणाले. "परवाची सुरमई मांजराने नाय नेली. मी करपवली. मागं खड्डा करून पुरली."

मावशींचं रडणं थांबलं. त्या डोळे वटारून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

मशीन वाजलं. मुलगी म्हणाली, झालं.

*

रिपोर्ट या वेळी बंद पाकिटात आला. मी फोडला नाही. मॅडमनी फोडला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिल्यावर गेल्या. मग खुर्ची ओढून बसल्या.

पण त्या म्हणाल्या, गाठी लहान झाल्यात. पोटातलं पाणी जवळजवळ दिसत नाही. मग लगेच म्हणाल्या, "गेलेला नाही, मावशी. मागे हटलाय."

मावशींनी विचारलं, किती दिवस? मॅडम म्हणाल्या, ते सांगता येत नाही. औषध चालू ठेवू, तीन महिन्यांनी परत बघू. तांडेलांनी ते बोटांवर मोजलं. मग मावशींनी विचारलं, बाजारात बसले तर चालेल? मॅडमनी अटी घातल्या: विळ्याला हात लावायचा नाही, उन्हात बसायचं नाही, गर्दीच्या वेळी तोंडाला मास्क, दोन तासांच्या वर नाही. मावशी सगळ्याला हो म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी मासळी आणायला बाजारात गेले. मी तशी तिथली नेहमीची. मावशी आजारी पडल्यापासून त्यांच्या जागेवर शोभा बसायची. दुसऱ्यांदा पोट फुगलं त्या आठवड्यात मावशींनी सगळ्या बाजारासमोर ती जागा तिला देऊन टाकली होती. मी काय आता येत नाय, तू बस, असं म्हणून.

मी शोभाकडून बोंबील घेत होते, तेवढ्यात मागून मावशी आल्या. मास्क लावलेला, हातात सुती मोजे, मागे तांडेल छत्री धरून. शोभा उठून उभी राहायला लागली. मावशींनी हातानेच तिला बसवलं.

मग त्या जागेकडे बघत राहिल्या. ऐसपैस जागा ती, दोन पाट्या सहज मावतील एवढी. शोभा अगदी कडेला, गटाराला लागून, भिंतीला खांदा टेकून बसली होती. तिची पाटी तिच्या पुढ्यात. मधली लाकडी फळी, जिच्यावर मावशी बसायच्या, पुसून कोरडी ठेवलेली, तिच्यावर काहीच नव्हतं.

"इतके महिने तू अशीच बसतेस?" मावशींनी विचारलं.

शोभा बोंबील मोजत राहिली.

"एवढी जागा मोकळी टाकून कोण धंदा करतं गो? सरक."

शोभाने वर बघितलं. ती सरकली नाही. तिला भिंतीकडे सरकायला जागाच उरली नव्हती.

मावशी मधल्या फळीवर बसल्या.